स्लेडचं 'एव्हरीडे', ४५ च्या स्पीडला

स्लेडचं 'एव्हरीडे' ज्यांनी फक्त फोनवर ऐकलंय, मधेच जाहिरात येते तसं, त्यांनी ते अजून नीट ऐकलेलंच नाही असं माझं मत आहे आणि ते मी वेंगुर्ल्यात बसून अगदी ठामपणे मांडतोय. हे गाणं सात इंची तबकडीचं आहे. कव्हरातून काढायची, प्लेअरवर ठेवायची, पिन लावायची, तीन मिनिटं नि वर थोडं तिथेच बसायचं, संपलं की उठून पिन उचलायची. परत ऐकायचं तर परत उठा. ह्या उठबशीत गाण्याला जी किंमत येते ती प्लेलिस्टमध्ये येत नाही, तिथे हे संपायच्या आधीच पुढचं दणदणीत गाणं सुरू होतं आणि ह्याचा सगळा परिणाम धुऊन जातो.

आधी बँडबद्दल थोडं, कारण आपल्याकडे स्लेड म्हटलं की कोण ते असंच विचारतात. इंग्लंडच्या मधल्या कारखानदारी पट्ट्यातली, वुल्व्हरहॅम्प्टन नि वॉल्सॉलकडची चार पोरं. नॉडी होल्डर गायचा नि रिदम गिटार वाजवायचा, जिम ली बेस, शिवाय व्हायोलिन आणि पियानो, डेव्ह हिल लीड गिटार, डॉन पॉवेल ड्रम्स. मॅनेजर आणि प्रोड्युसर चॅस चँडलर, म्हणजे आधी अ‍ॅनिमल्स ह्या बँडमध्ये बेस वाजवणारा, ज्याने गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सला अमेरिकेतून लंडनला आणलं तोच. चँडलरने ह्यांना सुरुवातीला स्किनहेड करून बघितलं, बारीक कापलेले केस, जाड बूट, पण गाडी काय पुढे जाईना, मग केस वाढले, कपडे चमकायला लागले आणि १९७१ मध्ये लीच्या व्हायोलिनवालं 'कॉझ आय लव्ह यू' ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं. तिथून दोन-तीन वर्षं ब्रिटनच्या चार्टवर ह्यांचंच राज्य होतं. १९७१ ते १९७३ मध्ये सहा गाणी एक नंबरला.

आणि अवतार काय तो! डेव्ह हिल नखशिखांत चंदेरी, अंगभर चकाकी, उंच टाचांचे बूट. नॉडीच्या डोक्यावर उंच काळी हॅट आणि तिला गोल आरसे लावलेले, स्टेजवरचा लाईट त्यावर पडला की सगळ्या हॉलभर कवडसे. ह्यालाच ग्लॅम रॉक म्हणतात, पण आपल्या भागातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागू नये, ज्याने लहानपणी जत्रेत देवळासमोर बसून रात्रभर दशावतार बघितलाय त्याला हे सगळं ओळखीचंच वाटेल. दिवसा शेतात नाहीतर बागेत राबणारा माणूस रात्री स्वतःच्या हाताने तोंडाला रंग लावतो, मुकुट चढवतो, भुजकीर्ती बांधतो आणि राजा होऊन उभा राहतो. युद्धाच्या प्रवेशाला मृदंग नि झांजा कान फोडतात. आणि मग त्याच राजावर दुःखाचा प्रसंग येतो, पेटीवाला सूर धरून ठेवतो, मुकुट तसाच डोक्यावर ठेवून तो माणूस हळू आवाजात गायला लागतो आणि मागे चण्याची पुडी सोडणाराही थांबतो. मला 'एव्हरीडे' ऐकताना दरवेळी तोच प्रवेश आठवतो. त्या शांत गाण्याला वजन येतं ते आधीच्या गोंगाटामुळे आणि त्याच चमकत्या वेशामुळे. साध्या कपड्यातल्या माणसाने स्टुलावर बसून गिटार घेऊन हेच गाणं म्हटलं असतं तर चारचौघांसारखं झालं असतं.

आता १९७३ बघा, म्हणजे गाण्याच्या आधीचं वर्ष. 'कम ऑन फील द नॉइझ' रिलीज झालं ते थेट एक नंबरला, 'स्क्वीझ मी प्लीझ मी' तेही थेट एक नंबरला, वर्षाच्या शेवटी 'मेरी ख्रिसमस एव्हरीबडी' तेही तसंच. बाहेरून बघितलं तर नुसती दिवाळी. पण जुलैच्या एक तारखेला लंडनच्या अर्ल्स कोर्टला प्रचंड मोठा कार्यक्रम झाला आणि चार तारखेला पहाटे वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये डॉन पॉवेलच्या गाडीचा अपघात झाला. त्याची मैत्रीण त्यात गेली. तो काही दिवस बेशुद्ध होता, वाचला, पण वास आणि चव गेली आणि स्मरणशक्तीवर असा घाव बसला की नुकतंच घडलेलं लक्षात राहायचं नाही, कुठलं गाणं कसं सुरू होतं हे बाकीच्यांनी आठवण करून द्यायचं. तरी त्या तिघांनी त्याच्या जागी कायमचा दुसरा ड्रमर आणला नाही. तो काठी टेकत टेकत परत आला आणि परत ड्रम्सवर बसला. मला ह्या बँडबद्दल जे प्रेम आहे त्यातलं अर्धं ह्या एका गोष्टीमुळे आहे.

तर ह्या सगळ्याच्या नंतर फेब्रुवारी १९७४ मध्ये 'ओल्ड न्यू बॉरोड अँड ब्लू' हा अल्बम आला, तोही एक नंबरला, आणि मार्चच्या शेवटी त्यातलं 'एव्हरीडे' सिंगल म्हणून काढलं. मागच्या बाजूला 'गुड टाइम गॅल्स'. नेहमीची मुद्दाम चुकवलेली स्पेलिंगं नाहीत, पाय आपटायला लावणारा ठेका नाही, पियानोवर सुरू होणारं संथ गाणं. लोक ज्या बँडकडे आरडाओरडा करायला यायचे त्यांनी हे काढणं ही साधी गोष्ट नव्हती, चाललं नसतं तर लगेच म्हणाले असते की संपले हे. चाललं. ब्रिटनमध्ये तीन नंबरपर्यंत गेलं.

लेबलवर गीतकार-संगीतकार म्हणून होल्डर आणि ली अशी दोनच नावं आहेत, त्यांचं नेहमीचंच. पण लीने नंतर सांगितलंय की कडव्याची चाल मूळ त्याच्या बायकोची. घरी मित्रमंडळी जमलेली, प्रत्येकाने काहीतरी म्हणून दाखवायचं ठरलं, तिने जे म्हटलं ते ह्याच्या डोक्यात बसलं आणि पुढचं त्याने जोडलं. आपल्याकडे गणपतीत पाहुणे जमले की भजनाच्या मधे एखादी वहिनी कधी न ऐकलेली चाल लावून जाते आणि बाकीचे बघत राहतात, अशा चाली घरातच विरून जातात. ही वाचली. घरातल्या बाईच्या तोंडून निघालेली चाल म्हणूनच ती इतकी सहज गुणगुणता येते असं मला वाटतं, तिच्यात गळ्याची कसरत कुठेच नाही, पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दुसऱ्या वेळी म्हणता येते.

अजून एक गोष्ट. ह्या गाण्याच्या रेकॉर्डिंगच्या वेळी डेव्ह हिल हनिमूनला गेला होता त्यामुळे गिटारही लीनेच वाजवली. म्हणजे बँडमधला सगळ्यात चकाकणारा माणूस त्यांच्या सगळ्यात शांत गाण्यात नाहीच! मला हे कळल्यावर मी परत गिटारकडे लक्ष देऊन ऐकलं, आणि खरंच ती वेगळ्या स्वभावाची आहे, पुढे येऊन उभी राहत नाही, चालीला धरून जाते.

शब्द एकदम साधे. मी लांब असतो तेव्हा रोज तुझीच आठवण येते, बाकीच्यांचं चाललंय, अडलंय ते आपल्या दोघांचंच, आणि आपलं प्रेम काही मरणार नाही. बस एवढंच. नॉडी पहिलं कडवं आवाज दाबून म्हणतो, ज्या माणसाचा आवाज विटा फोडेल असा त्याने दाबून म्हटल्यावर त्या दाबण्यातच सगळं कळतं, मग हळूहळू बाकीचे येतात, धृपद वर चढतं आणि शेवटाकडे असं वाटतं की सगळं गाव एका सुरात म्हणतंय.

ज्या हिवाळ्यातून हे बाहेर आलं तोही लक्षात घ्यायला हवा. १ जानेवारी ते ७ मार्च १९७४ ब्रिटनमध्ये बहुतेक उद्योगधंद्यांना आठवड्यातले फक्त तीन दिवस वीज वापरायला परवानगी होती. कोळसा खाणकामगारांचा तंटा, वर तेलाचं संकट. टीव्हीसुद्धा रात्री साडेदहाला बंद करायला लावत होते. इंग्लंडमध्ये लोडशेडिंग हे ऐकून इथे लोकांना खोटं वाटतं पण झालंय तसं. आणि तेलाचा संबंध थेट तबकडीशी आहे कारण रेकॉर्ड ज्या पीव्हीसीची बनते ते पेट्रोलियममधूनच येतं, त्या काळात कच्च्या मालाची टंचाई झाली, रेकॉर्डी पातळ निघायला लागल्या. माझ्या हातात जी कॉपी आहे ती पण पातळच, दोन्ही तळव्यांत कडेने धरली तरी जरा वाकते. हातात घेतलं की त्या हिवाळ्याची आठवण येतेच.

ही कॉपी इथे कशी आली ते आता सांगतो.

भाईकाका तेव्हा बोटीवर होते. आपल्या किनाऱ्यावर हे वेगळं सांगावं लागत नाही, प्रत्येक वाडीत एखादं तरी घर असतंच बोटीवाल्याचं, आणि त्या घरात बाहेरून आलेल्या वस्तू, जाड काचेचे ग्लास, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, कुठल्यातरी बंदराचं चित्र असलेली बशी. काका इंजिन रूममध्ये ऑइलर होते. लिव्हरपूलला बोट लागलेली असताना खलाशांच्या एका क्लबात ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणं टाकून गाणं लावायच्या मशीनवर, त्यांनी हे गाणं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन घेतलं. इंग्रजी गाण्यांचं वेड वगैरे त्यांना नव्हतं, घरच्या पेटीत बाकी सगळ्या हिंदी सिनेमाच्या ईपी, नाट्यगीतं, भजनं. मी विचारलं मग हेच का घेतलंत, तर म्हणाले, "इंजिनात कान बधिर जाल्ले. बंदरात उतारलंय नि पयला ऐकलंय ता ह्या. मी आणि माझो दोस्त, दोघांकय आवाडला." बरोबरचा दोस्त केरळचा होता, त्यानेही एक घेतली होती म्हणे.

घरी एचएमव्हीचा फिएस्टा होता, ब्रीफकेससारखा बंद होणारा, झाकणातच स्पीकर. आजीला इंग्रजी गाण्यांचा राग, काकांनी दुसऱ्या एका बोटीवाल्याकडून ऐकायला आणलेली कसलीतरी दणदणीत रेकॉर्ड लावली की माजघरातून आवाज यायचा, "ह्यो मेलो बोंबलता कित्याक?" पण हे लागलं की काही बोलायची नाही. एकदा स्वतःहून म्हणाली म्हणे, "ह्या बरा आसा, ह्या लाव."

काकी लग्न होऊन आली ती ७७ साली. काका वर्षातले नऊ-दहा महिने बाहेर, मधे पत्रं, ती पण कुठलं आधी पोचेल त्याचा भरवसा नाही, मुंबईहून लिहिलेलं आधी नि त्याच्या आधीचं नंतर. काकीला इंग्रजी येत नाही, आजही येत नाही, पण ही रेकॉर्ड काका नसताना सगळ्यात जास्त वाजली ती तिच्या हातून. मी लहान असताना बघितलंय. दुपारची जेवणं आटोपली की ओटीवर फिएस्टा उघडायचा, पदराच्या टोकाने तबकडी पुसायची, आणि पिन उडी मारायची म्हणून आर्मच्या टोकावर चाराण्याचं नाणं ठेवायची. ते नाणं प्लेअरच्या खणात कायम असायचं, कोणी खर्चायला घेतलेलं तिला चालायचं नाही. गाणं सुरू झालं की ती काहीतरी निवडत बसायची, तांदूळ, कुळीथ, हात चालू आणि ओठात चाल. शब्दांचा अर्थ तिला काकांनी सांगितला होता का हे मी मोठा झाल्यावर विचारलं. म्हणाली, "सांगूक कित्या व्हया? कळता ता." खरंच आहे, त्या गाण्यात जे आहे ते तिच्याइतकं कोणाला कळणार होतं.

नंतर कॅसेट आल्या, फिएस्टाची मोटर गेली, पेटी माळ्यावर गेली आणि सगळे विसरले. गेल्या दोन-तीन वर्षांत मी टर्नटेबल घेतला, मुंबईत जाणं झालं की चोरबाजारात मटन स्ट्रीटला रेकॉर्डी बघत फिरायला लागलो (काळाघोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्येच बंद झालं, ते असतं तर अजून मजा होती), तेव्हा काकीनेच आठवण करून दिली की अरे माळ्यावर आपली पेटी आसा ना.

पेटी उघडली तर नाट्यगीतांच्या रेकॉर्डींची कागदी कव्हरं बुरशीने नकाशासारखी झालेली. आपल्याकडे पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, वर खारी हवा, पुठ्ठ्याचं कव्हर टिकणं कठीणच. पण व्हिनाइलला बुरशी खात नाही, ती वर बसते नि खोबणीत शिरते, धुतली की जाते. 'एव्हरीडे'चं पांढरं आतलं कव्हर पिवळं पडलेलं, पॉलिडोरचं लाल लेबल मात्र अजून लालभडक, नुसती कडेला पाण्याची एक रेघ. तबकडीवर करड्या ठिपक्यांची चादर.

धुतली ती अशी. डिस्टिल्ड वॉटर, मेडिकलमध्ये नाहीतर बॅटरीवाल्याकडे मिळतं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा अगदी एक थेंब, आणि चष्मा पुसायचं मऊ फडकं. लेबल ओलं होऊ द्यायचं नाही. फडकं गोलाकार, खोबणीच्या दिशेने फिरवायचं, आडवं कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा, मग उभी करून वाळवायची, पंख्याखाली नाही कारण पंखा धूळ आणतो. करडी चादर निघाली आणि खालून काळी चमक वर आली तेव्हा काकी शेजारीच बसली होती, तिने शेवटची कोरी पट्टी, जिथे कंपनीचा नंबर कोरलेला असतो तिथे बोट ठेवून विचारलं, हंय काय लिवलला? इतकी वर्षं ती रेकॉर्ड हाताळली पण चष्मा लावून पहिल्यांदाच बघत होती.

आता आवाजाबद्दल, कारण खरा मुद्दा इथे आहे.

एलपी, म्हणजे अख्ख्या अल्बमची मोठी तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, सात इंची सिंगल ४५. कोलंबियाने एलपी १९४८ मध्ये आणली, आरसीए व्हिक्टरने ४५ ची १९४९ मध्ये. फेरे जास्त म्हणजे मध्यापासून तेवढ्याच अंतरावर एका सेकंदात पिनखालून जास्त लांबीची खोबण जाते, म्हणजे तेवढाच आवाज कोरायला जास्त जागा मिळते. शिवाय एका बाजूला एकच गाणं, त्यामुळे खोबणी ऐसपैस ठेवता येतात आणि मोठ्या आवाजात कोरता येतं. अल्बमच्या एका बाजूला वीसेक मिनिटं कोंबायची तर हे परवडत नाही. त्याच गाण्याची सिंगल अंगावर येते नि एलपीवर ते जरा मागे बसल्यासारखं वाटतं त्याचं कारण हे. ज्यूकबॉक्सवाल्या क्लबात चाळीस माणसांच्या बडबडीतूनही काकांना ते ऐकू आलं ते ह्यामुळेच.

पण एक अडचण सगळ्याच तबकड्यांना आहे. फेऱ्यांचा वेग तोच राहतो आणि पिन जसजशी मध्याकडे जाते तसतसं वर्तुळ लहान होतं, म्हणजे एका फेऱ्यात मिळणारी लांबी कमी होत जाते. शेवटच्या भागात तोच आवाज आखूड जागेत बसवावा लागतो आणि तिथे तो फाटायची शक्यता सगळ्यात जास्त. आता 'एव्हरीडे'ची रचना बघा! सुरुवातीला, जिथे खोबण सगळ्यात लांब तिथे नुसता पियानो आणि दाबलेला आवाज. शेवटी, जिथे जागा सगळ्यात कमी तिथे पूर्ण बँड, सगळ्यांचे आवाज, नॉडी गळा सोडून. कुठलंही हळू सुरू होऊन वर चढणारं गाणं तबकडीवर ह्याच कात्रीत सापडतं. ४५ चा स्पीड असल्यामुळे इथे ते निभावतं.

आमच्या कॉपीवर त्यात काकीच्या चाराण्याचं वजन आलंय. फिएस्टाची पिन आधीच जड, वर नाणं, इतकी वर्षं. त्यामुळे पहिली दोन मिनिटं स्वच्छ वाजतात, अधूनमधून टकटक, पियानोचा प्रत्येक ठोका वेगळा कळतो, आणि शेवटच्या धृपदाला कडेने खरखर येते, नॉडी जोरात जातो तिथे आवाज किंचित फाटतो. मी नवीन कॉपी मागवली असती तर ती साफ मिळाली असती. पण ही खरखर ओटीवरच्या दुपारींनी घासून घासून आलेली आहे, काकाच्या अख्ख्या नोकरीची, आणि ती ज्या ओळीवर येते ती ओळ आहे आपलं प्रेम मरणार नाही. मला ही कॉपी बदलायची नाही.

काका-काकी दोघांना बसवून वाजवली. काका आता ऐंशीकडे झुकलेत, इंजिन रूममुळे एक कान बराच गेलाय, त्यांनी खुर्ची सरकवून चांगला कान स्पीकरकडे केला. काकी म्हणाली आवाज मोठो कर. पहिल्या कडव्याला दोघंही काही बोलले नाहीत, धृपद आलं तसा काकांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरला, आणि काकी, जिला शब्द येत नाहीत, ती पूर्ण चाल बरोबर म्हणत गेली, जिथे फाटतं तिथे आधीच मान हलवून. तिला माहीत होतं कुठे येणार ते. संपल्यावर म्हणाली परत लाव. मागची बाजू लावू का म्हटलं, तर नको. 'गुड टाइम गॅल्स' वाईट गाणं नाही, नेहमीचं धमाल स्लेड आहे, मला आवडतं, पण आमच्या घरात ती बाजू जवळजवळ नवीच राहिलेली आहे, पिनचा मारच नाही तिच्यावर.

मी स्वतः ह्या प्रकारच्या गाण्यांपर्यंत उलट्या वाटेने आलो. नव्वदच्या दशकात कॉलेजला असताना कॅसेटवर अमेरिकन केसाळ बँडांची पॉवर बॅलड, म्हणजे हळू सुरू होऊन जोरात चढणारी गाणी, ऐकायचो, पॉयझनचं 'एव्हरी रोझ हॅज इट्स थॉर्न' वगैरे, जे १९८८ च्या शेवटी अमेरिकेत एक नंबरला गेलं होतं. तेव्हा वाटायचं हा प्रकार ह्यांनीच काढला. पण त्या सगळ्या लाटेच्या मागे स्लेडचा हात आहे हे नंतर कळलं, क्वाएट रायट ह्या अमेरिकन बँडने १९८३ मध्ये 'कम ऑन फील द नॉइझ' परत केलं ते अमेरिकेत पाच नंबरपर्यंत गेलं आणि मग त्या प्रकारच्या बँडांना कंपन्यांचे दरवाजे उघडले. म्हणजे स्वतः स्लेडला अमेरिकेने कधी नीट जवळ केलं नाही आणि त्यांच्या गाण्यावर दुसऱ्यांनी दार उघडलं. पॉयझनचं गाणं मला आजही आवडतं, पण त्यात एक माणूस एकटा रडतोय. 'एव्हरीडे'मध्ये एकटा माणूस सुरू करतो आणि संपेपर्यंत शंभर जण त्याच्याबरोबर असतात. मला हे दुसरं जास्त मोठं वाटतं.

स्लेडनेही पुढे हा रस्ता सोडला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'फार फार अवे', तेही घरापासून लांब असलेल्या माणसाचं, दोन नंबरपर्यंत. आणि मधली पडती वर्षं काढून १९८३ मध्ये 'माय ओ माय', तेही संथ, तेही दोन नंबर. काकांना 'फार फार अवे' ऐकवलं तर म्हणाले ह्या तेव्हा गावला असता तर ह्याय घेतला असता.

आता ज्यांना ही सिंगल घ्यावीशी वाटतेय त्यांच्यासाठी. ब्रिटनमध्ये भरपूर खपलेली आहे त्यामुळे जुनी कॉपी दुर्मिळ नाही, गाण्यापेक्षा टपालखर्चच जास्त पडतो, म्हणून दोन-चार रेकॉर्डी एकत्र मागवा. मधला भाग काढलेला, मोठं भोक असलेली कॉपी आली तर ती बहुतेक ज्यूकबॉक्समध्ये वाजून आलेली समजायची, ती पण वाजते, पण मधे बसवायला अ‍ॅडॅप्टर लागतो आणि घासलेली असण्याची शक्यता जास्त. विकणाऱ्याकडे तिरप्या उजेडात काढलेला शेवटच्या इंचाचा फोटो मागा, तिथे करडेपणा दिसला तर ती जड पिनने वाजलेली आहे. घरी आणल्यावर उभी ठेवायची, एकावर एक थप्पी नाही, पश्चिमेच्या खिडकीजवळ तर अजिबात नाही, उन्हाने वाकते. पुठ्ठ्याच्या कव्हराऐवजी आत प्लास्टिकचं, आणि मे महिना संपायच्या आत डब्यात सिलिका जेलची पाकिटं टाकून ठेवा.

आणि वेंगुर्ला, शिरोडा, मालवण, देवगड, वर रत्नागिरीपर्यंत ज्यांच्या घरात बोटीवरून आलेल्या अशा पेट्या माळ्यावर पडून आहेत त्यांनी त्या भंगारवाल्याला किलोवर द्यायच्या आधी मला कळवा, मी येऊन धुऊन देतो, पैसे नकोत, फक्त एकदा वाजवून ऐकू द्या. स्वतः धुणार असाल तर एक नक्की बघा. व्हिनाइलवर हट्टी बुरशी असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलं तरी चालतं, पण जुन्या ७८ च्या जड तबकड्या लाखेच्या असतात, त्यांना अल्कोहोल लावलं की लाख विरघळते आणि गाणं कायमचं जातं. त्यांना नुसतं पाणी, आणि तेही पटकन पुसून घ्यायचं.